वेताचा घेर

चेन हा शब्द आमच्या बाईंसमोर काढायची सोय नव्हती. कपड्याची चेन हो, गळ्यातली नव्हे. एखादी डान्सर घाईघाईनं आत येऊन पाठीला चेन बसवून द्या म्हणाली, की बाई हातातली कात्री टेबलावर ठेवायच्या आणि मराठीत म्हणायच्या, "हिला सांग, चेन हवी तर मॉलमध्ये जाऊन बॅग घे." मी इंग्रजीत सांगायची, "शी इज थिंकिंग अबाउट इट." कॅनडात, विनिपेगमधल्या त्या बॅले कंपनीच्या शिवणखात्यात माझी निम्मी नोकरी असल्या भाषांतरात गेली.

मी इचलकरंजीची. नवऱ्याला इथं नोकरी लागली म्हणून आले आणि पहिला हिवाळा बेसमेंटमध्ये बसून काढल्यावर डोकं फिरायची वेळ आली. हातात शिवण होतं, म्हणून अप्लाय केलं. ट्रायलला बाईंनी रेशमाचा तुकडा पुढ्यात टाकला आणि धावदोरा घालायला सांगितला, इंग्रजीत. बोटाला सुई टोचली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी मान वर केली. "कुठली गो तू?" म्हणाल्या. मला वाटलं, मला भासच झाला. पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, फ्रॉकवर नवऱ्याचा जुना स्वेटर, गळ्यात सहा कोनांची बारीक चांदणी आणि तोंडात अलिबागकडची मराठी. माझे टाके त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. सोमवारपासून ये म्हणाल्या.

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. हे मला तेव्हा कुठं ठाऊक? शुक्रवारची दुपार कलली की त्या सगळं आवरून घराकडं पळायच्या. सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस लागायचा, मग शनिवारभर सुईला शिवायच्या नाहीत. पहिल्याच शुक्रवारी मी आपलेपणानं विचारलं, "बाई, संतोषीमातेचा उपास का?" त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पुढं कितीतरी दिवस शुक्रवारी मी लिंबाचं लोणचं पुढं केलं की "आज आंबट नको हं, देवी कोपेल," असं म्हणून बरणी मला परत करायच्या. विनिपेगच्या हिवाळ्यात सूर्य दुपारीच मावळायला निघतो, तेव्हा त्यांचा शुक्रवार लवकर सुटायचा. उन्हाळ्यात तो आकाशातून हलायचं नाव घेत नाही. तेव्हा त्या खिडकीकडं बघत त्याला शिव्या द्यायच्या आणि टाके घालत राहायच्या.

नवरा वारलेला, मूलबाळ नाही. माणसांशी त्यांचं फारसं जमायचं नाही. त्यांचा सगळा जीव अठराव्या शतकात. बॅलेचे खरे कपडे त्या शतकात झाले, पुढं काय झालं ते विचारू नये, असं त्यांचं म्हणणं. आजकालच्या त्या आडव्या जाळीदार स्कर्टला त्या कोथिंबिरीची जुडी म्हणायच्या. डब्याच्या सुट्टीत बिरड्याचा घास तोंडात असतानाच त्यांचं सुरू व्हायचं.

"तेव्हा गो, नाचणारीच्या कमरेला दोन्ही बाजूंना वेताचे सांगाडे. त्यावर जरीचं कापड, आत अस्तर, खाली झालर. पायात टाचेचे बूट. डोक्यावर टोप. तोंडावर मुखवटा. पुरुषांची तरी सुटका होती का? त्यांच्याही कमरेला ताठ उभा झगा, दिव्यावर शेड बसवतात तसा. मग नाचायचं काय? हात हलवायचे, मान वळवायची आणि इकडून तिकडं तरंगत जायचं."

असं म्हणून त्या उठायच्या, कोपर बाहेर काढून टेबलांमधनं तरंगत जायच्या आणि मायक्रोवेव्हपाशी वळून परत यायच्या. कॅनेडियन बायका सॅन्डविच हातात धरून बघत राहायच्या.

मग यायची त्यांची लाडकी गोष्ट, पॅरिसवालीची. त्या बाईचं नाव त्यांना चांगलं पाठ होतं, पण त्या पॅरिसवालीच म्हणायच्या, शेजारच्या आळीतली असल्यासारखं. "तिचे पाय असे चालायचे की बघत राहावं. पण बघणार कोण? घेर जमिनीला टेकलेला. एक दिवस तिनं घोट्याच्या वर घेर कापला आणि बुटांच्या टाचाही काढून टाकल्या. लोकांनी तोंडात बोटं घातली. आत काय घातलंय यावर मोठमोठे लोक वाद घालत बसले, मेले. आणखी एक तर सांगाडाच फेकून नुसत्या मलमलीत उभी राहिली, केस मोकळे सोडून. आणि मलमल कुठली? आपल्याकडची." हे शेवटचं त्या अशा थाटात सांगायच्या की मलमल यांच्या आत्यानंच विकली असावी.

शिकवायच्या मात्र जीव तोडून. कापड बेतताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्याकडं माया म्हणतात. आज बारीक असलेलं माणूस उद्या सुटतं, तेव्हा तेवढं उसवून घेता येतं. इंग्रजीत त्याला सीम अलाउन्स म्हणतात, हे बाईंना कधी पटलं नाही. "अलाउन्स पगारात मिळतो. कपड्यात माया असते." शेवटी सगळं खातं हा शब्द शिकलं. युक्रेनी आजीची नात असलेली आमची कटर नव्या मुलींना ओरडून सांगायची, "लीव्ह माया, लीव्ह माया." मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

आणि मग ज्याची बाईंनी उभा जन्म वाट पाहिली ते झालं. कंपनीचा नवा डायरेक्टर माँट्रियालचा होता, बोलताना मध्येच फ्रेंच घालायचा. त्यानं ठरवलं की जुन्या फ्रेंच दरबारातला नाच जुन्याच कपड्यांत करायचा. मुख्य नाचणारीचा पोशाख बाईंकडं आला. त्यांनी कंबर कसली. प्लॅस्टिकच्या पट्ट्या नकोत म्हणाल्या, वेतच हवा. खुर्च्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी वेत मिळवला. त्या आठवड्यात मी काही कामासाठी त्यांच्या घरी गेले आणि वॉशरूमला जायचं म्हणून दार उघडलं, तर आख्खा टब वेतानं भरलेला. वाकवायला भिजत घातला होता. "मग तुम्ही अंघोळ कुठं करता?" मी विचारलं. म्हणाल्या, "सिंकपाशी. टब काय, नेहमीचाच आहे."

त्याच सुमाराला मला त्यांच्या डोळ्यांचं कळलं. आधी सुईत दोरा मला ओवायला लावायच्या, तेव्हा वाटलं, वय झालं. पण त्या कापडाकडं सरळ बघेनाशा झाल्या. मान एका बाजूला वळवायच्या, जसं दाराबाहेर कोण आलंय ते बघताहेत, आणि हात मात्र पुढ्यातल्या कापडावर. एकदा मी धरलंच त्यांना. तेव्हा बोलल्या. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. समोर धरलेलं पुसलं जायचं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. म्हणून जे बघायचं ते कडेला आणण्यासाठी तोंड फिरवायचं. डॉक्टर म्हणाला होता, हे वाढतच जाणार.

"कुणाला बोललीस तर मला सुई धरू देणार नाहीत," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा गो. हा एकदा स्टेजवर फिरताना मला बघू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे." मी शब्द दिला. खात्यात मात्र म्हातारी आखडू झाली, तोंडाकडं बघूनसुद्धा बोलत नाही, असं सुरू झालं. मी ऐकून घ्यायची. शब्द दिला होता ना.

तो पोशाख घालून नाचणार होती एक पोरगी. उंच, लाल कानांची, मॅनिटोबातल्याच, म्हणजे त्याच प्रांतातल्या, कुठल्याशा शेतावरची. आजवर मागच्या रांगेत नाचलेली. मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि पुढच्या सीझनला तिला ठेवायचं की नाही हे यावरच ठरणार होतं. बाईंचा तिच्यावर जीव. मापं घेताना तिला पॅरिसवालीची गोष्ट सांगायच्या, मी भाषांतर करायची, आणि ती तोंड उघडं टाकून ऐकायची.

पोशाख अंगावर चढला त्या दिवशी सगळं खातं कामं टाकून भोवती जमलं. फिकट हिरवी जर, दोन्ही बाजूंना वेतावर पसरलेला घेर, खाली जमिनीला टेकणारी झालर. पोरीनं सगळ्या खोलीत फिरून दाखवलं. मग हळूच म्हणाली, माझे पाय दिसत नाहीत. नाचात एक जागा होती, तिथं उडी मारून हवेत पाय एकमेकांवरून झरझर फिरवायचे होते. हिवाळाभर तिनं तेवढंच घोटलं होतं. थोडा वर घ्याल का, म्हणाली. घोट्याच्या वर, त्या पॅरिसवालीसारखा.

"नाही," बाई म्हणाल्या.

"पण तुम्हीच तर सांगितलंत—"

"हिला सांग, तिनं कापला तो स्वतःचा. हा माझा आहे." हे मला भाषांतर करवेना. बाईंनी मान फिरवली होती, पोशाखाची कड धरून बसल्या होत्या. मी पोरीला म्हटलं, कापड फार जुन्या पद्धतीचं आहे, वर घेतलं तर घेर नीट पडणार नाही. ती समजूतदार, मान हलवून गेली. मी बाईंना म्हटलं, "अहो, पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "मला माहितेय गो. पण मला एकदा आख्खा बघायचाय."

पहिल्या खेळाला आम्ही दोघी स्टेजच्या बाजूला पडद्याआड उभ्या होतो. पोरगी आत गेली आणि ती नाचायच्या आधीच थिएटर टाळ्यांनी दणाणलं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मग वाजंत्री सुरू झाली. पोरगी जीव तोडून नाचली. ती जागा आली, तिनं उडी मारली, खाली पाय काय करत होते ते तिला आणि देवाला माहीत. बाहेरून नुसती झालर थरथरली. थिएटरात कुणीतरी खोकलं. शेवटी टाळ्या पडल्या, त्या शहाण्या माणसांनी वाजवाव्या तशा.

"पहिल्या टाळ्या कशाला पडल्या गो?" बाईंनी विचारलं.

"ड्रेसला, बाई."

"आणि पोरीला?"

बाई तिथल्या एका पेटीवर बसल्या. म्हणाल्या, "आयुष्यभर मी त्या पॅरिसवालीची बाजू घेत आले. आणि वेळ आली तेव्हा मुखवटेवाल्यांत जाऊन बसले." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा राग आला होता तो तिथंच विरला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, पोशाखाचा. पोरीचं नाव खाली बारीक अक्षरांत. डायरेक्टर हवेत होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत विनवायला लागल्या. कापू दे म्हणाल्या. अंगठा आणि करंगळी ताणून एक वीत दाखवली, "ओन्ली धिस मच, सर." तो हसला. "नॉन, मादाम. द ड्रेस इज द शो." शिवाय बाईंचं तोंड खिडकीकडं होतं. त्याला वाटलं असणार, ही बाई मागते माझ्याकडं आणि बघते बाहेर. त्याचंही बरोबरच होतं, त्याला कुणी सांगितलंय कुठं.

मग त्याच पोशाखात खेळ होत राहिले. पोस्टर लागली. पोरगी दिवसेंदिवस गप्प होत गेली. बाई रोज एकदा डायरेक्टरकडं जायच्या आणि परत यायच्या. शेवटचा खेळ रविवारी दुपारी होता. शुक्रवारी बाई म्हणाल्या, "उद्या माझे हात बांधलेले. रविवारी सकाळी लवकर ये."

मी गेले तेव्हा पोशाख टेबलावर आडवा घातलेला होता. मी म्हटलं, "बाई, नोकरी जाईल." त्या म्हणाल्या, "ती डोळ्यांबरोबर गेलीच आहे. तू फक्त धर." त्यांनी खालचा वेत काढला. वीत टाकत, बोटांनी चाचपत खुणा केल्या आणि मान दाराकडं वळवून कात्री चालवली. जरीचं कापड कापताना कर्र आवाज येतो, तो मला फार लागला. मी सुया ओवत गेले, त्या मुडपून घालत गेल्या. एवढा सरळ हेम मी चांगल्या डोळ्यांनीही घातला नसता.

डायरेक्टरला कळलं तेव्हा पोरीच्या अंगावर पोशाख चढला होता. तो फ्रेंचमध्ये काय काय बोलला ते मला कळलं नाही आणि बाईंना समजून घ्यायचं नव्हतं. करता तर काहीच येत नव्हतं, पडदा उघडायची वेळ झाली होती. त्यानं बाईंना घरी जा म्हणून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. बाईंनी आपली कात्री पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, "घरी सोडशील ना? पण खेळ बघून." नेसवायच्या बायका वेगळ्या असत, त्यामुळं मला काही काम नव्हतं. पुढच्या रांगेत अगदी कडेच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथून मान मोडते म्हणून कुणी घेत नाही. तिथं बसलो.

पोरगी आली. या वेळी टाळ्या नाहीत, लोक कुजबुजले. पोस्टरवर वेगळंच होतं ना. मग तिनं पाऊल उचललं आणि दिसलं. पांढऱ्या मोज्यांतले घोटे, बुटांचे बंद, सगळं. ती जागा आली, ती उडाली आणि हवेत पाय कात्रीसारखे चालले, पुन्हा पुन्हा. माझ्या मागचा म्हातारा "माय गॉड" म्हणाला. मी वळून बाईंकडं बघितलं. त्या तोंड फिरवून बसल्या होत्या. पार बाहेरच्या दाराकडं, हनुवटी खांद्यावर. आख्खा खेळ त्या तशाच बसल्या, शेवटी दिवे लागले, लोक उभे राहिले, पोरगी वाकून नमस्कार करायला पुढं आली तरीही. मी म्हटलंसुद्धा, "बाई, संपलं." त्या म्हणाल्या, "थांब, अजून उभी आहे ती."

आत जाऊन पोरीला भेटू म्हटलं, तर बाई नको म्हणाल्या. घालवून दिलेलं माणूस पुन्हा आत कशाला जाईल? स्वाभिमान मोठा. मी त्यांना घरी सोडलं. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. डोळे पुरते गेले आणि मग बाकीचंही गेलं. पोचवायला आम्ही दोघंतिघं मराठी, आणि त्यांच्या देवळातली माणसं. पोरगी तोवर कंपनी सोडून गेली होती. कुठं ते कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही कॅल्गरीला आलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा शेजारणीनं सांगितलं म्हणून मुलीला कम्युनिटी सेंटरमधल्या डान्स क्लासला घेऊन गेले. मुलगी गाडीत कुरकुरत होती, "आय डोन्ट वॉन्ट टू." आत गेले तर समोर लाल कानांची तीच. थोडी सुटलेली, केस आखूड. तिनं मला लगेच ओळखलं आणि मिठी मारली. मुली यायला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो.

मी विचारलं, कंपनी का सोडलीस? त्या रविवारनंतर तुला ठेवणार होते, असं ऐकलं होतं. ती म्हणाली, ठेवलं होतं. सहीच करायची राहिली होती. मग म्हणाली, "शी कुडन्ट इव्हन लुक ॲट मी." मला कळेना, कोण? तर बाई. शेवटी दिवे लागले तेव्हा तिनं पहिल्या रांगेत बाईंना शोधलं होतं. ज्या बाईनं तिच्यासाठी स्वतःचं काम कापलं, नोकरी घालवली, ती तोंड फिरवून बसलेली. मी इतकी वाईट नाचले की बाईंना बघवेना, असं पोरीला वाटलं. इतर लोक काय टाळ्या वाजवतात, त्यांना काय कळतंय, एवढंच डोक्यात राहिलं, आणि सही केलीच नाही.

मी तिला सगळं सांगितलं. डाग, कडा, मान वळवणं. बाईंना दिलेला शब्दही सांगितला, आता त्याला काय अर्थ होता? बाई किती हट्टी, किती मानी, एक शब्द बोलू दिला असता तर, असं मी रागानं बोलत गेले आणि माझंच बोलणं मला ऐकवेना.

"सो शी सॉ मी?" तिनं विचारलं.

"पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझ्याशिवाय काही पाहिलं नाही."

"डिड शी से एनीथिंग?"

गाडीत बसल्यावर बाई बोलल्या होत्या. मी जरा घुटमळले, कारण ते गोड नव्हतं. पण खोटं सांगायला जीभ वळेना. मी म्हटलं, "त्या म्हणाल्या, पाय सुरेख आहेत पोरीचे. फक्त डावा आळशी आहे, उजव्याच्या मागनं येतो."

ती मोठ्यानं हसली. "इट इज," म्हणाली. "इट ऑल्वेज वॉज. नोबडी एव्हर सॉ दॅट." दारातून लहान लहान मुली आत यायला लागल्या होत्या, बूट घालत होत्या, तिला हाका मारत होत्या. ती वाकली, डाव्या घोट्यावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.